वाचकांचे प्रश्न : हाताने लिहिलेला मोनॅड आणि वेळेआधी येणारे प्रॉम्प्ट

हास्केलमध्ये इनपुट-आउटपुटचा स्वतःचा छोटा मोनॅड (क्रिया एकामागून एक जोडण्याची रचना) लिहिण्याचा सराव गेल्या अंकात दिला होता. आलेली बहुतेक पत्रे एकाच दुखण्याची आहेत: मोनॅड टाइपचेकमधून जातो, उत्तरेही बरोबर येतात, पण प्रॉम्प्ट आणि वाचन यांचा क्रम चुकतो. ज्यांच्याकडे तो अंक नाही त्यांच्यासाठी मूळ व्याख्या पुन्हा देत आहोत. संवाद म्हणजे एक फंक्शन. ते सगळे इनपुट एका स्ट्रिंगमध्ये घेते आणि तीन गोष्टी परत देते: मूल्य, उरलेले इनपुट आणि आउटपुट.

न्यूटाइप संवाद अ = संवाद (स्ट्रिंग -> (अ, स्ट्रिंग, स्ट्रिंग))

रिटर्न क = संवाद (\आत -> (क, आत, ""))

संवाद म >>= फ = संवाद (\आत ->
  लेट (क, आत१, बाहेर१) = म आत
      संवाद ग = फ क
      (ख, आत२, बाहेर२) = ग आत१
  इन (ख, आत२, बाहेर१ ++ बाहेर२))

लिही श = संवाद (\आत -> ((), आत, श))

ओळवाच = संवाद (\आत ->
  लेट (ओळ, उरले) = ब्रेक (== नवओळ) आत
  इन (ओळ, ड्रॉप १ उरले, ""))

चालव (संवाद म) = इंटरॅक्ट (\आत -> लेट (_, _, बाहेर) = म आत इन बाहेर)

‘नवओळ’ म्हणजे नव्या ओळीचे अक्षर. कोड येथे देवनागरीत छापला आहे. फाइलमध्ये कीवर्ड आणि सगळी नावे अर्थातच रोमन अक्षरांत लिहा. जीएचसी या हास्केलच्या कंपायलरच्या ७.१० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, मोनॅडबरोबर फंक्टर आणि अ‍ॅप्लिकेटिव्हचे इन्स्टन्सही द्यावे लागतात. ते ‘लिफ्टएम’ आणि ‘एपी’ वापरून एकेका ओळीत होतात. दोन्ही बाइंडमधूनच (वरचे >>=) जातात, त्यामुळे पुढची चर्चा त्यांनाही तशीच लागू आहे.

प्रश्न : दोन संख्या विचारून बेरीज सांगणारा प्रोग्राम लिहिला. चालवताच ‘पहिली संख्या: दुसरी संख्या: बेरीज: ’ असे तिन्ही मजकूर एका दमात छापले जातात आणि त्यानंतर प्रोग्राम माझ्या टाइप करण्याची वाट पाहतो. डू-ब्लॉकमध्ये क्रम तर बरोबर लिहिला आहे. मग वाचन मागे का पडते?

उत्तर : तुमचा डू-ब्लॉक असा असणार (‘संख्या’ म्हणजे रीड वापरून ओळीची संख्या करणारे फंक्शन):

बेरीज = डू
  लिही "पहिली संख्या: "
  अ <- ओळवाच
  लिही "दुसरी संख्या: "
  ब <- ओळवाच
  लिही ("बेरीज: " ++ शो (संख्या अ + संख्या ब))

डू-ब्लॉकने क्रम लिहिला जातो, पण काम केव्हा होईल हे त्याने ठरत नाही. काम होते ते कोणीतरी मूल्य मागितले म्हणून. या प्रोग्राममध्ये मागणारा एकच आहे: इंटरॅक्ट, म्हणजे सगळे इनपुट आपल्या फंक्शनला देऊन परत आलेली स्ट्रिंग छापणारे लायब्ररीतले फंक्शन. त्याला छापायला पुढचे अक्षर हवे असते आणि तो फक्त आउटपुटच्या स्ट्रिंगला हात घालतो. ती स्ट्रिंग बाइंडने जोडून तयार केलेली आहे. उलगडून पाहिली तर अशी दिसते:

"पहिली संख्या: " ++ ("" ++ ("दुसरी संख्या: " ++ ("" ++ ("बेरीज: " ++ ...))))

मधली दोन रिकामी अवतरणे म्हणजे तुमची दोन वाचने. रिकामी स्ट्रिंग मिळवायला काहीच करावे लागत नाही, म्हणून इंटरॅक्ट त्यांच्यावरून सरळ पुढे निघून जातो. ‘अ’ आणि ‘ब’ लागतात ते थेट बेरजेचा पहिला अंक छापताना. तोवर त्या ओळी म्हणजे कोणी न उघडलेले थंक (मागणी होईपर्यंत राखून ठेवलेले काम) असतात. तक्रार तीन मजकुरांची आहे, पण कारण या दोन रिकाम्या स्ट्रिंगा आहेत.

उपायही तिथेच करायचा. ओळवाचचे आउटपुट रिकामेच राहू द्या, पण ती रिकामी स्ट्रिंग पूर्ण ओळ वाचून झाल्याशिवाय मिळणार नाही अशी अट घाला:

ओळवाच = संवाद (\आत ->
  लेट (ओळ, उरले) = ब्रेक (== नवओळ) आत
  इन (ओळ, ड्रॉप १ उरले, लेंग्थ ओळ `सेक` ""))

आता छापण्याच्या वाटेवर इंटरॅक्टला ही स्ट्रिंग लागली की तिचे मूल्य काढण्यासाठी आधी ओळीची लांबी मोजावी लागते. लांबी मोजायची तर ब्रेकला नवओळ सापडेपर्यंत प्रत्येक अक्षर तपासावे लागते, आणि ती तुम्ही एंटर दाबेपर्यंत येत नाही. पुढचा प्रॉम्प्ट ++ च्या उजव्या बाजूला असल्यामुळे तो आपोआप थांबून राहतो. वाचलेली ओळ पुढे कधीच वापरली नाही तरी क्रम टिकतो, कारण थांबवणारी गोष्ट ओळीच्या वापरात नसून आउटपुटच्या धाग्यात ओवलेली आहे. बाइंडला मात्र हात लावायचा नाही.

प्रश्न : हाच दोष घालवण्यासाठी मी ‘ओळ सेक ओळ’ असे लिहिले. फरक पडला नाही. मग आउटपुटच्या जागी ‘ओळ सेक रिकामी स्ट्रिंग’ लिहिले आणि काम झाले. लेंग्थची खरेच गरज आहे का?

उत्तर : पहिल्या लिखाणाचा अर्थ होतो, ‘ओळ मागितली तर आधी ओळ काढ’. ते असेही घडतच होते. सेक स्वतःहून काहीही सुरू करत नाही. त्याच्या उजव्या बाजूची मागणी झाली की तो डावी बाजू काढायला लावतो, एवढेच त्याचे काम. म्हणून सेक लिहिताना उजवीकडचे मूल्य कोण आणि केव्हा मागणार हे आधी पाहावे.

दुसऱ्या लिखाणात मागणी योग्य जागी आहे, पण खोली अपुरी आहे. सेक मूल्याचा फक्त बाहेरचा कन्स्ट्रक्टर उघडतो. स्ट्रिंगच्या बाबतीत त्याला एवढेच कळते की ओळ रिकामी आहे, की तिच्यात निदान एक अक्षर आहे. तुमचे काम झाले याचे श्रेय टर्मिनलला जाते. नेहमीच्या अवस्थेत टर्मिनल पूर्ण ओळ एंटरनंतरच प्रोग्रामकडे सोडते, त्यामुळे पहिले अक्षर आले म्हणजे सगळी ओळ आलेलीच असते. इनपुटचे बफरिंग नोबफरिंग केले की टर्मिनल एकेक अक्षर सोडू लागते. मग पहिली कळ दाबताक्षणी, ओळ अर्धवट असताना, पुढचा प्रॉम्प्ट पडद्यावर येतो. हळूहळू लिहिणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामकडून पाइपने इनपुट आले तरी हेच होते. लेंग्थ ठेवा. मूल्य आतपर्यंत पूर्ण काढणाऱ्या डीपसेकनेही हेच साधते, पण येथे ब्रेक प्रत्येक अक्षर तपासूनच पुढे जात असल्याने लेंग्थ पुरते.

प्रश्न : माझी अडचण उलटी आहे. शब्द विचारायचा, तो परत छापायचा आणि रिकामी ओळ आली की थांबायचे, असा प्रोग्राम आहे. एकही प्रॉम्प्ट दिसत नाही. मी आंधळेपणाने शब्द टाइप करत जातो आणि रिकाम्या ओळीनंतर सगळे आउटपुट एकदम येते. बाइंड मी लेटऐवजी केसने लिहिला आहे, पण तो तर फक्त शैलीचा फरक ना?

उत्तर : नाही, सगळा दोष त्या फरकात आहे. लेटमधला टपलचा (कंसात एकत्र बांधलेल्या मूल्यांचा) पॅटर्न आळशी असतो: त्यातले एखादे नाव लागेपर्यंत टपल उघडले जात नाही. केसमधला पॅटर्न टपल तिथल्या तिथे उघडतो. तुमच्या बाइंडमध्ये दोन केस एकात एक आहेत. म्हणजे दुसऱ्या क्रियेचे टपल हातात आल्याशिवाय पहिल्या क्रियेचे आउटपुटसुद्धा बाहेर पडू शकत नाही.

तुमच्या प्रोग्राममध्ये दुसरी क्रिया कोणती हे ‘इफ नल ओळ’ ठरवते. तिचे टपल हवे तर ओळ रिकामी आहे का हे कळायला हवे आणि त्यासाठी कीबोर्डवरून निदान एक अक्षर यायला हवे. इथे ‘शब्द: ’ हा प्रॉम्प्ट अडकतो. एल्सच्या फांदीत प्रोग्राम स्वतःलाच बोलावतो, त्यामुळे पुढच्या फेरीचे टपलही आधी लागते, मग त्याच्या पुढच्या फेरीचे. ही साखळी सुटते ती रिकाम्या ओळीवरच. थांबण्याची अटच नसती, तर प्रोग्रामने एकही अक्षर न छापता मेमरी खात राहण्याचे काम केले असते.

बेरजेचा प्रोग्राम मात्र केसच्या बाइंडवरही बरोबर चालतो, कारण त्यात वाचलेल्या ओळीवरून फांदी फुटत नाही. म्हणून बाइंड तपासताना सरळसोट प्रोग्रामवर विश्वास ठेवू नका. इफ असलेला, स्वतःलाच पुन्हा बोलावणारा प्रोग्राम घ्या.

केस ठेवायचाच असेल तर पॅटर्नपुढे ~ हे चिन्ह लावा. मग तोही लेटसारखा आळशी होतो. लॅम्डाच्या पॅटर्नलाही तेच. लायब्ररीतल्या स्टेट मोनॅडच्या लेझी आणि स्ट्रिक्ट या दोन आवृत्त्यांत फरक आहे तो याच चिन्हाचा. स्ट्रिक्ट आवृत्ती स्टेटमधले मूल्य काढून ठेवत नाही, फक्त जोडी उघडते. नावावरून अनेकांचा गैरसमज होतो, म्हणून हे मुद्दाम सांगत आहोत.

प्रश्न : दरवेळी टाइप करत बसण्यापेक्षा क्रम बरोबर आहे की नाही हे तपासण्याची खात्रीशीर रीत आहे का?

उत्तर : आहे, आणि हाताने मोनॅड लिहिण्याचा सर्वांत मोठा फायदा तीच आहे. संवाद हे साधे फंक्शन असल्याने त्याला कीबोर्डऐवजी हवी ती स्ट्रिंग देता येते. मग जिथे इनपुट संपावे असे वाटते तिथे अनडिफाइंड, म्हणजे मागताच अपवाद देणारे मूल्य, जोडायचे. प्रोग्रामने वेळेआधी पुढचे इनपुट मागितले तर तो तिथेच कोसळतो आणि कोसळण्याआधी काय छापले ते समोर दिसते. इंटरॅक्ट वगळून फक्त आउटपुट देणारे ‘उत्तर’ नावाचे फंक्शन करून घ्या आणि जीएचसीआयमध्ये (कंपाइल न करता कोड चालवून पाहण्याच्या जीएचसीच्या सोयीत) बेरजेच्या प्रोग्रामवर या तीन चाचण्या चालवा.

पुटस्ट्र (उत्तर बेरीज अनडिफाइंड)
यात ‘पहिली संख्या: ’ एवढेच छापून अपवाद यायला हवा. त्याआधीच अपवाद आला तर बाइंड घाई करतो आहे. पुढचा मजकूरही छापला गेला तर ओळवाच थांबत नाही.

पुटस्ट्र (उत्तर बेरीज ("१२" ++ [नवओळ] ++ अनडिफाइंड))
आता दुसरा प्रॉम्प्टही यायला हवा, आणि ‘बेरीज: ’ येता कामा नये.

पुटस्ट्र (उत्तर बेरीज ("१२" ++ अनडिफाइंड))
ही चाचणी सहसा कोणी करत नाही. ओळ अर्धीच आली आहे, नवओळ नाही. पहिल्या प्रॉम्प्टवरच थांबायला हवे. लेंग्थशिवायचा सेक इथे पकडला जातो.

दोन बारकावे. पुटस्ट्र न लिहिता नुसती स्ट्रिंग दिली तर जीएचसीआय ती शोमधून छापतो आणि देवनागरी अक्षरांच्या जागी त्यांचे आकड्यांतले संकेत दिसतात. दुसरे म्हणजे, चाचणीत अंक इंग्रजी (0 ते 9) लिहा. रीड देवनागरी अंक ओळखत नाही आणि ‘नो पार्स’ सांगून मोकळा होतो. मग चूक क्रमाची की अंकांची यात विनाकारण वेळ जातो.

याच चाचण्या इफवाल्या प्रोग्रामवरही चालवा. केसचा बाइंड पहिल्याच चाचणीत प्रॉम्प्ट न छापता कोसळतो.

प्रश्न : जीएचसीआयमध्ये सगळे बरोबर दिसते. कंपाइल करून चालवले की प्रॉम्प्ट गायब.

उत्तर : हा लेझीनेसचा दोष नाही, बफरिंगचा आहे. कंपाइल केलेल्या प्रोग्रामचे आउटपुट टर्मिनलवर ओळीगणिक सोडले जाते आणि तुमच्या प्रॉम्प्टच्या शेवटी नवओळ नाही. जीएचसीआय आउटपुट बफर न करता सोडतो, म्हणून तिथे ते दिसते. ओळखायची खूण सोपी: प्रॉम्प्टच्या शेवटी नवओळ घालून पाहा. प्रॉम्प्ट वेळेवर दिसू लागला तर दोष बफरिंगचा. तरीही दिसला नाही, तर वरच्या चाचण्यांकडे परत जा.

मेनमध्ये चालवच्या आधी आउटपुटचे बफरिंग नोबफरिंग करा. साठलेले आउटपुट लगेच बाहेर सोडणारा ‘एचफ्लश’ इथे उपयोगाचा नाही: संपूर्ण आउटपुट ही एकच स्ट्रिंग आहे आणि ती छापण्याचे एकच काम चालू आहे, मध्ये एचफ्लश घालायला जागाच नाही. नोबफरिंगमध्ये प्रत्येक अक्षर वेगळे लिहिले जाते, त्यामुळे आउटपुट मोठे असेल तर वेळ लागतो. तसे असेल तर आउटपुटचा टाइप स्ट्रिंगऐवजी स्ट्रिंगांची यादी करा, म्हणजे एका लिहीला यादीतला एक तुकडा. इंटरॅक्टऐवजी गेटकन्टेन्ट्सने इनपुट घ्या आणि यादीतला प्रत्येक तुकडा छापून झाल्यावर एचफ्लश करा. ओळवाचमध्ये रिकाम्या स्ट्रिंगच्या जागी रिकामी यादी येईल, सेक तसाच राहील.

प्रश्न : वेग वाढावा म्हणून फाइलच्या माथ्यावर स्ट्रिक्ट एक्स्टेन्शन चालू केले आणि बरोबर चालणारा मोनॅड बिघडला. कोडमधले एकही अक्षर बदललेले नाही.

उत्तर : अक्षर बदलले नाही, पण अर्थ बदलला. २०१६ च्या जीएचसी ८.० मध्ये आलेले हे एक्स्टेन्शन लेटमधल्या पॅटर्नलाही आणि लॅम्डाच्या आर्ग्युमेंटलाही उद्गारचिन्ह (लगेच उघडण्याची खूण) लावल्यासारखे वागवते. म्हणजे तुमचे लेट आता केससारखे टपल उघडतात आणि लॅम्डा ‘आत’ हे इनपुट आधीच मागतात. बाइंडमधल्या लेटच्या तिन्ही पॅटर्नपुढे आणि प्रत्येक लॅम्डाच्या ‘आत’पुढे ~ लावा, किंवा मोनॅडची व्याख्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये नेऊन तिथे हे एक्स्टेन्शन वापरू नका. आम्ही दुसरा मार्ग सुचवू. एक ~ नजरेतून सुटले तरी कंपायलर काही बोलत नाही.

प्रश्न : न्यूटाइपऐवजी डेटा वापरला तर चालेल का?

उत्तर : वर दिलेल्या लेटच्या बाइंडमध्ये चालेल. पण कोणी ‘केस फ क ऑफ संवाद ग’ असे लिहिले, तर डेटामध्ये तो कन्स्ट्रक्टर खरोखर उघडावा लागतो. त्यासाठी ‘फ क’ काढावे लागते आणि फमध्ये इफ असेल तर इनपुट आधीच मागितले जाते. न्यूटाइपचा कन्स्ट्रक्टर चालताना अस्तित्वातच नसतो, त्यामुळे त्याला उघडण्याने काहीच काढले जात नाही. न्यूटाइपच वापरा.

प्रश्न : कंट्रोल आणि डी दाबले की माझा प्रोग्राम तोच प्रॉम्प्ट अखंड छापत सुटतो.

उत्तर : इनपुट संपले की ब्रेकला रिकामी यादी मिळते आणि तो रिकामी ओळ देतो. पुढच्या वेळी पुन्हा तेच. ‘रिकामी ओळ’ आणि ‘इनपुट संपले’ हे वेगळे कळायला हवे. ओळवाचचे मूल्य मेबी करा: आत रिकामी असेल तर (नथिंग, "", "") द्या, एरवी जस्ट ओळ. यासाठी आतवर केस लावावा लागतो. त्याने टपल पहिले अक्षर येईपर्यंत थांबते, पण बाइंड आळशी असल्याने आधीचा प्रॉम्प्ट अडत नाही. बाइंड केसचा असेल तर या सुधारणेनंतर सरळसोट प्रोग्रामही अडकतील.

प्रश्न : लाखभर संख्या वाचून एकूण बेरीज देणारा प्रोग्राम मेमरी फार घेतो.

उत्तर : एकूण बेरीज शेवटी छापेपर्यंत कोणी मागत नाही, म्हणून प्रत्येक फेरीत बेरजेचा एक नवा थंक आधीच्या थंकवर चढतो आणि प्रत्येक थंक आपली ओळ धरून बसतो. पुढच्या फेरीला जाताना ‘लेट नवी = एकूण + संख्या इन नवी सेक फेरी नवी’ असे लिहा. हा सेक चालतो, कारण पुढच्या फेरीचे आउटपुट मागितले की उजवी बाजू लागते. ‘रिटर्न $! क’ ही याच कारणाने या मोनॅडमध्ये अपेक्षेप्रमाणे वागते.

प्रश्न : आउटपुटचे हजारो तुकडे असले की प्रोग्राम फारच हळू होतो. टपल टाळून हे लिहिता येईल का?

उत्तर : येईल, आणि तेच रूप आम्हाला जास्त पसंत आहे. मंदपणा येतो तो बाइंड डावीकडे गुंफले गेल्याने. डावीकडून जोडत जाणाऱ्या फोल्डएलने दहा हजार लिही जोडले तर पहिला तुकडा जवळपास दहा हजार ++ मधून जातो, दुसरा त्याहून एक कमी. एकेका अक्षराचे तुकडे धरले तरी सुमारे ५ कोटी वेळा अक्षर हलवले जाते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक क्रियेला ‘पुढे काय करायचे’ हे फंक्शन हातात देणे:

न्यूटाइप संवाद अ = संवाद ((अ -> स्ट्रिंग -> स्ट्रिंग) -> स्ट्रिंग -> स्ट्रिंग)

रिटर्न क = संवाद (\पुढे आत -> पुढे क आत)

संवाद म >>= फ = संवाद (\पुढे ->
  म (\क -> लेट संवाद ग = फ क इन ग पुढे))

लिही श = संवाद (\पुढे आत -> श ++ पुढे () आत)

ओळवाच = संवाद (\पुढे आत ->
  लेट (ओळ, उरले) = ब्रेक (== नवओळ) आत
  इन लेंग्थ ओळ `सेक` पुढे ओळ (ड्रॉप १ उरले))

चालव (संवाद म) = इंटरॅक्ट (म (\_ _ -> ""))

बाइंडमध्ये टपलच नाही, त्यामुळे चुकून उघडायला काही उरत नाही. लिहीचा मजकूर ++ च्या डावीकडे असल्याने तो पुढच्या कशाचीही वाट न पाहता बाहेर पडतो. सेक आता उरलेल्या सगळ्या आउटपुटला अडवतो. मात्र तो विसरलात तर तिन्ही मजकूर एका दमात छापण्याचा दोष इथेही जसाच्या तसा परत येतो, म्हणून वरच्या तीन चाचण्या या रूपावरही चालवा.

हास्केलचा इतिहास जाणणाऱ्यांना यात ओळखीचे काही दिसेल. १९९६ च्या हास्केल १.३ मध्ये मोनॅडवर आधारलेले आयओ येण्याआधी प्रोग्राम म्हणजे उत्तरांच्या यादीवरून मागण्यांची यादी देणारे फंक्शन असे. मागणी बाहेर पडण्याआधी तिचे उत्तर तपासले की प्रोग्राम अडके, म्हणून त्या काळच्या कोडमध्ये ~ जागोजागी दिसते. त्याला पर्याय म्हणून ‘पुढे काय’ हातात देण्याची हीच रीतही तेव्हा वापरात होती.

प्रश्न : काही ठिकाणी माझा ओळवाच आणि काही ठिकाणी हास्केलचा मूळ गेटलाइन, असे एकत्र वापरल्यावर ‘हँडल इज सेमी-क्लोज्ड’ अशी चूक येते.

उत्तर : इंटरॅक्ट आणि गेटकन्टेन्ट्स संपूर्ण इनपुट एकदाच ताब्यात घेतात आणि ते हळूहळू, मागणीप्रमाणे वाचतात. त्या क्षणापासून इनपुटचे हँडल (वाचनाचा दुवा) इतर कोणाला वाचू देत नाही. गेटलाइनने जे वाचायचे आहे ते चालवच्या आधी वाचून घ्या आणि मिळालेले मूल्य संवादाला आर्ग्युमेंट म्हणून द्या. चालव सुरू झाल्यानंतर वाचन फक्त ओळवाचनेच करा.